पांचवी पट्टी

२०२४ सालच्या पावसाळ्यांत आमच्या घरच्या मोटारीस एक विचित्र दुखणें जडलें. सकाळीं ती निमूटपणें सुरू होई, गांवाबाहेर पडे, तीस-चाळीस किलोमीटर सुखानें धांवे. आणि मग एकाएकीं, कोणतीहि पूर्वसूचना न देतां, चालत्या बैलानें जोखडासकट खालीं बसावें तशी रस्त्यांतच बसकण मारी. किल्ली फिरवावी तर स्टार्टर गरगर फिरे, पण इंजिन कांहीं धरीत नसे. अर्धा तास थांबलें म्हणजे तीच मोटार, जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा थाटानें, पुन्हां सुरू होई. डॅशबोर्डावर इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा मात्र कधीं लागे, कधीं लागत नसे.

ज्यांच्या घरीं मोटार हौसेसाठीं असते त्यांस ह्या दुखण्याचें महत्त्व वाटणार नाहीं. आमच्या घरीं तेंच शेत व तेंच दुकान. बाबा मिरजेस भाड्यानें मोटार चालवितात. आरग, बेडग, भोसे, कवठे महांकाळ ह्या बाजूंच्या खेड्यांतून रोग्यांस मिरजेच्या दवाखान्यांत आणणें व परत पोंचविणें हा त्यांचा मुख्य धंदा. मिरजेस दवाखान्यांची वाण नाहीं आणि खेड्यांत रोग्यांची नाहीं. मोटार डिझेलची, २०१४ सालची, दुसऱ्याच्या हातून घेतलेली. तिचे हप्ते फिटून अवघें एक वर्ष झालें होतें.

आषाढांतल्या एका दुपारीं कवठे महांकाळच्या बाजूच्या एका आजीबाईंस डायलिसिससाठीं आणीत असतां, दंडोबाचा डोंगर दिसूं लागतो त्या सुमारास मोटार बसली. पाऊस चालू होता. बाबांनीं वीस मिनिटें खटपट केली. शेवटीं एका दुधाच्या टेंपोस हात करून आजीबाईंस ड्रायव्हराशेजारीं बसविलें. त्यांच्या मुलास मागें कॅनांमध्यें उभें राहावें लागलें. त्या वेळेवर पोंचल्या नाहींत. त्यांची पाळी दुसऱ्यास गेली व त्यांस रात्रीं नऊपर्यंत तिष्ठावें लागलें. आजीबाई बाबांस एक शब्दहि बोलल्या नाहींत, आणि तेंच बाबांस फार लागलें. त्या रात्रीं ते जेवले नाहींत. दुसऱ्या दिवसापासून कोणाचाहि फोन आला कीं म्हणत, "माल असेल तर नेतों, पेशंट नको." महिन्याभरांत घरांत पैशाची ओढ लागली. मोटार विकून पुण्यास दुसऱ्याची गाडी चालवावयास जावें अशीं बोलणीं स्वयंपाकघरांत हलक्या आवाजांत होऊं लागलीं. आणि हलक्या आवाजांतलीं बोलणींच मुलांस अधिक स्पष्ट ऐकूं येतात.

बाबा ज्या गॅरेजांत जात तेथील मेस्त्री मनानें वाईट नव्हते, हें आधींच सांगितलें पाहिजे. मोटार नेली कीं ते आपला स्कॅनर लावीत, बिघाडांची यादी पाहत, ती पुसून टाकीत, दिवा मालवीत व पांचशें रुपये घेत. पण मोटार गॅरेजांत पोंचे तोंवर निवालेली असे, व निवालेली मोटार शहाण्या मुलासारखी वागे. तिसऱ्या खेपेस ते म्हणाले, "इंजिनाचा कंप्यूटरच गेला असावा. अडतीस हजार तरी धरून चला." "असावा" ह्या एका शब्दावर अडतीस हजार खर्चण्याची आमच्या घरची ऐपत नव्हती. आम्हांस मागाहून कळलें तें असें कीं, यादी पुसली म्हणजे बिघाडाच्या क्षणीं इंजिनाची गति काय होती, पाणी किती तापलें होतें, हा संगणकानें जपून ठेवलेला तपशीलहि तिच्याबरोबर पुसला जातो. दिवा मालवणें म्हणजे रोग बरा करणें नव्हे. तें साक्षीदारास गांवाबाहेर घालविणें होय.

आम्ही म्हणजे आम्ही दोघें भावंडें: थोरला दहावींत, धाकटी आठवींत. आमच्या मनानें घेतलें कीं, मोटार बसते त्याच क्षणीं, रस्त्यावरच, तिला काय होतें आहे तें विचारलें पाहिजे. निजल्या रोग्याची नाडी पाहून तापाचें निदान होत नाहीं. ताप चढला असतां पाहावें लागतें.

मोटारीस विचारण्याची सोय मूळचीच असते. मोटारींच्या धुरामुळें लॉस एंजेलिस शहरावर जें मळभ दाटे त्याच्या बंदोबस्तासाठीं कॅलिफोर्नियाच्या सरकारी हवा-मंडळानें जे नियम केले, त्यांतून ही पद्धति वाढीस लागली; आणि १९९६ सालापासून अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींस ती सक्तीची झाली. युरोपांत पेट्रोलच्या मोटारींस ती २००१ सालीं लागू झाली, व आपल्याकडे बी. एस. चार प्रतीच्या मोटारींस तिचा दुसरा टप्पा २०१३ च्या एप्रिलपासून. ड्रायव्हराच्या गुडघ्यापाशीं, स्टिअरिंगखालीं, आठ-आठच्या दोन रांगांत सोळा घरें असलेलें एक तोंड असतें. चौथें व पांचवें घर जमिनीचें, म्हणजे अर्थिंगचें. सोळावें थेट बॅटरीचें. किल्ली काढून घेतली तरी तें जिवंत राहतें. सहावें व चौदावें घर नव्या मोटारींच्या जलद संभाषणाचें. जुन्या धाटणीच्या मोटारी मात्र सातव्या घरांतून एकाच तारेवर, सेकंदास सुमारें १०,४०० बिट इतक्या संथपणें बोलतात. नव्या मोटारींच्या ५,००,००० बिटांपुढें ही बैलगाडीच म्हणावयाची. आमची मोटार बैलगाडीच्या पंथाची निघाली.

आमचे मामा सांगलीस पंखे, मिक्सर, टीव्ही दुरुस्त करतात. त्यांच्या जुन्या सामानांत मोटार तपासण्याची एक केबल पडून होती. तिच्या एका टोकास सोळा घरांत बसणारें डोकें, व दुसऱ्या टोकास संगणकास लावावयाचें यू. एस. बी.चें चपटें, रुंद टोक. डोक्याच्या पोटांत ई. एल. एम. ३२७ नांवाच्या चिपेची नक्कल होती. अस्सल चीप कॅनडांतील एका लहानशा कंपनीनें २००५ सालीं बाजारांत आणली. तिच्या पहिल्या आवृत्तीस नकलेपासून संरक्षण नव्हतें. तेव्हां तिच्या नकला इतक्या झाल्या कीं अस्सल चीप स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेला मनुष्य आम्हांस अद्यापि भेटलेला नाहीं. मूळ कंपनीनें २०२२ सालीं आपला कारभार आटोपला. नकला सुखरूप आहेत.

वाचकांपैकीं कोणी विचारील कीं, बाजारांत ह्याच कामाचीं बिनतारी ब्लूटूथचीं यंत्रें स्वस्तांत मिळतात, तीं कां घेतलीं नाहींत? मामांपाशीं तसलें एक होतें. आम्हीं तें लावून पाहिलें. नव्या मोटारींशीं तें गप्पा मारी. आमच्या मोटारीच्या सातव्या घराशीं मात्र त्याचें बोलणेंच जुळेना. म्हणून केबलच घेऊन आलों.

घरांत संगणक नाहीं. आईजवळ बटणांचा साधा फोन आहे. पडद्याचा एकच फोन, तो बाबांचा. त्याच्या कांचेस एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडा गेलेला आहे. परंतु त्याचा नंबर कितीएक खेड्यांतल्या किराणा दुकानांच्या फळ्यांवर खडूनें लिहिलेला आहे. तो फोन बंद पडला तर मोटार धड असूनहि धंदा बसेल. ही गोष्ट पुढील हकीकत वाचतांना ध्यानांत ठेवावी, कारण आम्हीं ती एका रात्रीं ध्यानांत ठेविली नाहीं.

केबलीचें टोक मोठें व फोनचें तोंड लहान, म्हणून मध्यें एक जोडतुकडा घालावा लागे. मोबाइलच्या दुकानांत त्यास ओ. टी. जी. म्हणतात. तो घातला, फोनमध्यें एक मोफत मिळणारा कार्यक्रम उतरवून घेतला, आणि मोटार उभी असतां सारें ठीक चाललें. पण मोटार हलली कीं जोडतुकड्याचा सांधा ढिला पडे. खड्डा आला, संभाषण तुटलें. क्लच सोडतांना हिसका बसला, संभाषण तुटलें. रबर गुंडाळलें, कागदाची पाचर मारली, चिकटपट्टी लाविली. कशाचाहि उपयोग होईना. जी मोटार हिसका देऊनच बंद पडते तिची शेवटची घटका पाहण्यास असला सांधा काय कामाचा?

तेव्हां श्रावणांतल्या एका रात्रीं, आईबाबा निजले असतां, मामांस न विचारतां, आम्हीं केबलीचें रुंद टोक कातरीनें तोडलें. मधला सांधाच नको. केबलीसच फोनच्या तोंडाचें लहान टोक बसवावें, असा आमचा बेत होता. तोडतांना हात कांपला नाहीं. तोडल्यावर मात्र कांपला.

केबलीच्या आंत चार तारा निघाल्या: तांबडी, पांढरी, हिरवी व काळी. तांबडी पांच व्होल्टची, काळी जमिनीची, आणि पांढरी व हिरवी ह्यांवरून संभाषण चालतें, एवढें आम्हांस पुस्तकांवरून माहीत होतें. स्टँडाजवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवरून डाख देऊन बसवावयाचें एक लहान टोक आधींच आणून ठेविलें होतें. त्यास चार पाय होते. चार तारा, चार पाय. ह्याहून सोपें गणित तें कोणतें? दोन तास खपून आम्हीं तें जोडलें, आणि उशाशीं ठेवलेला बाबांचा फोन हळूच उचलून आणून त्यास लाविलें.

कांहींहि झालें नाहीं. फोनला कांहीं लावलें आहे ह्याचीच त्यास दाद नव्हती. मीटर लावून पाहिला तों तांबड्या व काळ्या तारांच्या मध्यें पांच व्होल्ट तर सोडाच, शून्य. मोटारीस लावून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. फोन केबलीस जेवूंच घालीत नव्हता. रात्रीं दीड वाजतां आम्हीं दोघें अंगणांत एका मेलेल्या केबलीकडे पाहत बसलों होतों. एवढी सुबुद्धि मात्र आम्हांस सुचली कीं, फोन जसा होता तसा परत उशाशीं ठेवावा.

दुसऱ्या दिवशीं आईच्या फोनवरून मामांस सर्व कबूल केलें. मामा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग हंसूं लागले.

"अरे, तो जोडतुकडा नुसता आकार बदलतो असें वाटलें होय तुम्हांला?" ते म्हणाले. "यू. एस. बी.च्या वर्गांत एक गुरुजी असतो, बाकीचे विद्यार्थी. गुरुजीनें विचारावयाचें, विद्यार्थ्यानें उत्तर द्यावयाचें. विद्यार्थी आपण होऊन तोंड उघडत नाहीं. कंप्यूटर नेहमींच गुरुजी. तुमची केबल विद्यार्थी. आणि फोन? फोन कंप्यूटरला लावतां तेव्हां तोहि विद्यार्थीच. तुम्हीं एका विद्यार्थ्याशेजारीं दुसरा विद्यार्थी आणून बसविलात, आणि वर्गांत शांतता कां म्हणून मला विचारतां!"

त्यांनीं समजाविलें तें असें. २००१ सालच्या शेवटीं यू. एस. बी.च्या नियमांस एक पुरवणी जोडण्यांत आली. तिच्यांत फोनसारख्या लहान यंत्रास प्रसंगीं गुरुजीची गादी कशी द्यावी हें ठरविलें आहे. फोनच्या लहान टोकांत चार नव्हे, पांच पट्ट्या असतात. पहिली पांच व्होल्टची, दुसरी व तिसरी संभाषणाची, पांचवी जमिनीची. आणि मधली चौथी केवळ ओळखीची. ती मोकळी राहिली तर फोन समजतो, "आपण विद्यार्थी." ती जमिनीच्या पट्टीशीं जोडली कीं फोन समजतो, "आतां वर्ग आपला," आणि पांच व्होल्ट स्वतः पुरवूं लागतो. जोडतुकड्याच्या पोटांत हाच एक सांधा गुपचूप केलेला असतो. ही पट्टी अनुक्रमानें चौथी खरी. पण चार तारांचा हिशेब पुरा झाल्यावर तारेवांचून उरते ती हीच, म्हणून आमच्या घरीं तिचें नांव "पांचवी पट्टी" असेंच पडलें आहे. टपरीवरून आणलेल्या टोकांत तिला पायच ठेविलेला नव्हता! त्या टोकानें फोन नुसता विद्यार्थीच राहूं शकत होता.

(ज्यांचे फोन सी प्रकारच्या नव्या तोंडाचे असतील त्यांनीं वरील रीत वापरूं नये. त्या टोकांत ही पट्टी नसते. तेथें सी. सी. नांवाची पट्टी ५.१ किलो-ओहमच्या रोधामधून जमिनीस जोडावी लागते, म्हणजे फोनास पलीकडे विद्यार्थी बसला असल्याचें कळतें. रोध वगळून तार सरळ जोडल्यास काम होत नाहीं.)

पुढल्या रविवारीं एस. टी.नें सांगलीस जाऊन मामांकडून पांच पायांचें टोक आणलें. मामांनीं बरोबर आपला मीटर व राळेची डबी दिली, आणि दोन अटी घातल्या. पहिली, तारांच्या रंगांवर विश्वास ठेवावयाचा नाहीं. स्वस्त केबलींत कारागीर हाताला लागेल त्या रंगाची तार घालतो. तोडलेलें रुंद टोक फेंकून दिलें नसेल तर त्याच्या चार पट्ट्यांशीं तारा मीटरनें ताडून पाहावयाच्या. दुसरी, मोटारीच्या सोळाव्या घरांतल्या बारा व्होल्टांस हात लावावयाचा नाहीं. चाचणी चालू असतां फोन चार्ज होत नाहीं. म्हणून केबलीच्या डोक्यांतून बारा व्होल्ट काढून फोनास कांहींतरी युक्तीनें पाजावेत, असा थोरल्याच्या मनांत विचार आला होता. मामांनीं तो ऐकून घेतला व एकच प्रश्न विचारला, "फोन कोणाचा आहे?" विचार तेथेंच संपला.

डाख देण्याचें काम धाकटीनें केलें. तिचा हात स्थिर आहे; रांगोळीच्या टिपक्या ती न मोजतां सरळ रेषेंत घालते. ह्या टोकांत दोन शेजारच्या पट्ट्यांच्या मध्यांतलें अंतर ०.६५ मिलिमीटर असतें. एवढ्या जागेंत डाखाचा थेंब शेजाऱ्यास न शिवतां ठेवणें म्हणजे मोहरीवर अक्षर काढण्यासारखें आहे. तिनें आधीं चौथ्या व पांचव्या पट्टीवर मिळून एकच थेंब ठेविला. तेथें शेजाऱ्यानें शेजाऱ्यास शिवावें हेंच हवें होतें. मग काळी तार त्याच थेंबांत बसविली, आणि मग बाकीच्या तीन. थोरल्यानें तारा धरल्या, राळ लावली, व शक्य तितका वेळ श्वास रोखून धरला.

झाल्यावर मीटर लाविला. चारी तारा आपापल्या ठिकाणीं पोंचल्या होत्या. पण तांबडी व काळी ह्यांच्या मध्येंहि मीटर वाजला. तो वाजावयास नको होता. पुन्हां लाविला, पुन्हां वाजला. भिंग घेऊन पाहिलें तों तांबड्या तारेच्या गुच्छांतला तांब्याचा एकच केसासारखा तंतु वांकून काळ्याच्या थेंबांत जाऊन निजला होता. दिव्याखालीं तो साध्या डोळ्यांस दिसतहि नव्हता. पहिल्या रात्रीं आम्हीं असें कांहीं मोजून पाहिलें नव्हतें. आणि तरीहि बाबांचा फोन उचलून आणून लाविला होता. धाकटीनें चिमट्यानें तो तंतु काढला, आणि कांहीं वेळ आम्ही एकमेकांकडे पाहिलें नाहीं.

त्यानंतर आम्हीं ठरविलें कीं आतां फोन न विचारतां घ्यावयाचा नाहीं. संध्याकाळीं बाबांस सर्व सांगितलें: केबल तोडल्याचें, रात्रीं फोन नेल्याचें, आणि त्या तंतूचेंहि. बाबांनीं टोक हातांत घेऊन उलटसुलट पाहिलें. "आतां मीटर वाजत नाहीं ना?" त्यांनीं विचारलें. वाजत नव्हता. त्यांनीं समोरच पुन्हां लावून दाखवावयास सांगितलें, आणि मग खिशांतून फोन काढून धाकटीच्या हातांत दिला.

अंगणांत उभ्या मोटारीस केबल लाविली. किल्ली फिरविली. पडद्यावर कांहीं क्षण चक्र फिरत राहिलें. मग आंकडे आले. पाण्याची उष्णता ३१ अंश. मोटार हा आंकडा चाळीस वाढवून पाठविते, कारण कडाक्याच्या थंडींतली उणे उष्णता लिहावयास तिच्याजवळ ऋणचिन्ह नसतें. फोन त्यांतून चाळीस वजा करून दाखवितो. बाबांनीं इंजिन सुरू केलें. स्टार्टर फिरत असतां गतीचा आंकडा दोनशेंच्या आसपास दिसला, आणि इंजिनानें धरतांच तो आठशें चाळीसवर जाऊन स्थिरावला. मोटार हलविली, खड्ड्यांतून नेली, मुद्दाम हिसके दिले. संभाषण तुटलें नाहीं. बाबा कांहीं बोलले नाहींत. पण त्यांनीं दोन वेळां विनाकारण ॲक्सिलरेटर दाबून आंकडा वर-खालीं होतांना पाहिला, तें आम्हीं पाहिलें.

आतां फक्त मोटार बंद पडावयाची राहिली होती. आणि ती पडेना! तीन दिवस बाबा मालाच्या फेऱ्या करीत होते व शाळा सुटल्यावर आम्ही आळीपाळीनें शेजारीं बसत होतों. मोटार घोड्यासारखी धांवत होती. आपल्या घरची मोटार रस्त्यांत बंद पडावी म्हणून देवाजवळ मागणें मागावें कीं नाहीं, ह्याविषयीं आमच्यांत मतभेद झाला.

चौथा दिवस रविवारचा. पंढरपूर रस्त्यावर, भोसें मागें टाकून थोडें पुढें गेलों असूं, तोंच मोटारीनें तो ओळखीचा हिसका दिला. बाबांनीं ती कडेस घेतली. धाकटी पुढें बसली होती. पाण्याची उष्णता ८८ अंश, म्हणजे वाजवी. बाबांनीं किल्ली फिरविली. स्टार्टर गरगर फिरूं लागला. धाकटी पडद्यावर वांकली, आणि नेमक्या त्या क्षणीं पडदाभर एक नांव झळकूं लागलें व फोन वाजूं लागला. बेडगेहून कोणास तरी कांद्याचीं पोतीं न्यावयाचीं होतीं. बाबांनीं फोन घेतला, अर्ध्या तासानें कळवितों म्हणून सांगितलें, व पुन्हां किल्ली फिरविली.

"किती?" त्यांनीं विचारलें.

"शून्य," धाकटी म्हणाली.

"अग, फिरतें आहे. ऐकूं येत नाहीं का?"

"फिरतें आहे, पण मोटारीला ठाऊक नाहीं. शून्यच दाखवितें."

हेंच तें होतें. अंगणांत स्टार्टर फिरतांना दोनशें दिसे, आणि येथें शून्य. इंजिनाचा दांडा फिरत होता. परंतु तो फिरत असल्याची बातमी संगणकापर्यंत पोंचत नव्हती. ती बातमी देण्याचें काम क्रँक सेन्सर नांवाचा बोटाएवढा एक पहारेकरी करतो. त्याच्या पोटांत तापल्यावर कोठें तरी तार सुटत असावी, व निवाल्यावर पुन्हां जुळत असावी. दांडा फिरत नाहीं असें समजल्यावर संगणक डिझेल सोडील तरी कशाला? आम्हीं यादी मागविली. ह्या खेपेस ती कोणी पुसलेली नव्हती. तिच्यांत एकच नोंद होती: पी ०३३५. पहिलें अक्षर इंजिन व गिअर ह्यांचें, पुढचें शून्य सर्व कंपन्यांस समान असलेल्या संकेतांचें. आणि हा संकेत क्रँक सेन्सरच्या तारमार्गाचाच आहे. बाबांनीं पडद्याचें चित्र काढून ठेवावयास सांगितलें. मग आम्ही तिघेंहि खालीं उतरून चिंचेखालीं बसलों, कारण मोटार निवण्यास अर्धा तास लागतो, आणि तेवढ्यापुरतें तरी तिचें म्हणणें आम्हांस कबूल होतें.

दुसऱ्या दिवशीं बाबांनीं तें चित्र मेस्त्रींस दाखविलें. मेस्त्रींनीं तें दोनदां पाहिलें, "स्टार्टर मारतांनाचें आहे?" असें विचारलें, आणि होय म्हणतांच चड्डीवरचा हात पुसून सरळ पाना घेतला. बातमी देणारा पहारेकरीच दोषी कीं वाटेंतली तार, हें पाहण्यासाठीं त्यांनीं आधीं तार हलवून, मोजून पाहिली; ती धड होती. सेन्सर नऊशें पन्नास रुपयांचा आला व बसविण्याचे तीनशें झाले. जुना सेन्सर धाकटीनें मागून घेतला आहे. तो आमच्या खिडकींत आहे. मेस्त्रींनीं केबल हातांत घेऊन लहान टोकाकडे बराच वेळ पाहिलें, आणि बाबांस नव्हे, तर धाकटीस विचारलें, "असली एक मला करून द्याल का? रस्त्यावर गाडी बंद पडली म्हणून बोलावणीं येतात. तेथें मोठा स्कॅनर नेतां येत नाहीं." त्या मागील अडतीस हजारांविषयीं त्यांनीं आपण होऊन कांहीं म्हटलें नाहीं, व बाबांनींहि विषय काढला नाहीं. पांचशें रुपये मात्र त्या दिवशीं त्यांनीं घेतले नाहींत.

त्यानंतर बाबांनीं दहा दिवस नुसता मालच नेला. पंढरपूरपर्यंत दोन फेऱ्या केल्या, एक भर दुपारीं. मोटार थांबली नाहीं. केबल लावलेलीच होती. आम्ही असलों तर आम्ही पाहत असूं, नसलों तर रात्रीं येऊन बाबा फोन पुढें करीत व नोंदी कोऱ्या आहेत ना, हें विचारीत. त्या कोऱ्या होत्या.

अकराव्या दिवशीं संध्याकाळीं मोटार अंगणांत होती, व आम्हीं दोघें तिच्यांत बसून मेस्त्रींच्या केबलीसाठीं तारांची लांबी मोजीत होतों. फोन केबलीस लावलेलाच होता. तो वाजला. पडद्यावरचें नांव पाहून धाकटीनें तो घाईघाईनें बाबांस नेऊन दिला; घाईंत केबल उपटली गेली व तिचें टोक आमच्या हातांत राहिलें. कवठे महांकाळच्या त्या आजीबाईंचा मुलगा बोलत होता. उद्यां सकाळीं आठाची पाळी होती, आणि दुसरी गाडी मिळत नव्हती. बाबा फोन कानास लावून मोटारीभोंवतीं एक फेरी घालून आले. मग म्हणाले,

"सहाला दारांत असेन. आजींना पुढें बसवूं."